भाव पटला नाही

१० जून, सोमवार

नवीन पेशंट आली. कृष्णाबाई, वय बासष्ट, वर्सोवा कोळीवाडा. एप्रिलमध्ये पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेच सुधारलेत, चालतात, आपल्या हाताने जेवतात, पण वाचा गेली आहे. म्हणजे आवाज आहे, समोरच्याचं बोलणं समजतं, शब्दही डोक्यात कुठेतरी असतो, तो तोंडापर्यंत पोचत नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणून वाचाघाताचे असे पेशंट मी कित्येक वर्षं बघते आहे, तेव्हा नेहमीचा चित्रांचा गठ्ठा काढला. सफरचंद, छत्री, घड्याळ, पुस्तक. बाईंनी एकेक कार्ड पाहिलं आणि टेबलावर उपडं घालून ठेवलं. बोलल्या काही नाहीत. शेवटी माशाचं कार्ड निघालं. मला वाटलं, आता तरी काही येईल. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, सुनेला दाखवलं आणि दोघी खो-खो हसल्या.

सून निशा, तिशीची, अंधेरीतच ब्यूटी पार्लरमध्ये कामाला आहे. म्हणाली, "मॅडम, हे म्हावरं कुठलं?"

"मासा आहे," मी म्हटलं.

"ते कळलं ओ. पण कुठला?"

मला काय ठाऊक! पार्ल्यातल्या आमच्या घरात अंडं आणायचं म्हटलं तरी भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई बघतील अशी भीती वाटते. रिपोर्टात लिहिलं: चित्र ओळखून नाव सांगणे, शून्य.

जाताना निशाने मला बाहेर गाठलं. अंधेरीच्या मासळी बाजारात कृष्णाबाईंची बसायची जागा आहे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या तिथे बसतात. एप्रिलपासून त्या जागेवर त्यांची धाकटी जाऊ बसते, तात्पुरती. निशाचा नवरा चंदू बोटीवर असतो, सध्या मासेमारी बंद म्हणून घरीच आहे. त्याचं म्हणणं, नारळी पौर्णिमेपर्यंत आई बोलायला लागली तर ठीक, नाहीतर जागा काकीला कायमची देऊन टाकू. मुक्या बाईने धंदा कसा करायचा?

"आई घरात बसली ना मॅडम, तर सहा महिने नाय काढणार," निशा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं.

घरी आले तर नवऱ्याने, यज्ञेशने, सांगितलं, रविवारी त्याच्या मावसभावाचं सगळं कुटुंब जेवायला येतंय. पुरणपोळी कर म्हणाला. बरं म्हटलं.

१३ जून, गुरुवार

आज ठरीव गोष्टी करून घेतल्या. वार, महिने, एकापासून आकडे. मी "एक, दोन" म्हणून सुरुवात करून दिली की बाई पुढे धडाधड वीसपर्यंत जातात. पण "तुम्हाला मुलं किती?" विचारलं की एक हा आकडा सापडत नाही. हे असंच असतं. पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं, मनातलं सांगायचं ते अडतं.

सेशन संपताना वॉर्डबॉयची ट्रॉली त्यांच्या पायावर गेली. त्यांनी त्याला एक शिवी हासडली, इतकी खणखणीत की दारातले दोघे वळून बघायला लागले. मला आनंद झाला. रिपोर्टात "स्वयंस्फूर्त उद्गार: उत्तम" असं लिहिलं. कुठला उद्गार ते लिहिलं नाही.

२० जून, गुरुवार

कार्डं बंद. मंगळवारी खेळण्याच्या दुकानातून प्लास्टिकचे मासे नेले होते, ते बाईंनी हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणून काल पोळ्या करताना कणकेचेच मासे केले, चांगले वीतभर, सुरीने खवले कोरून. यज्ञेशने विचारलं, हे काय? म्हटलं, काम. त्याने "बरं आहे ना तुझं?" अशा नजरेने पाहिलं.

बाईंना ते दाखवले. त्यांनी एक उचलला, अंगठ्याने त्याच्या गळ्यापाशी दाबून पाहिलं, नाकाशी नेला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला.

"शिळा हाय म्हनते आई," निशा म्हणाली.

दोघी हसत होत्या. मीही हसले, पण बस स्टॉपवर उभी असताना डोळे भरून आले. मेहनत केली होती मी. तरी एक गोष्ट खरी: दहा दिवसांत बाईंनी पहिल्यांदाच काहीतरी दाबून, हुंगून पाहिलं. म्हणजे दिशा चुकलेली नाही.

२५ जून, मंगळवार

आज गिऱ्हाईक-गिऱ्हाईक खेळलो. टेबलावर स्टीलचं ताट, त्यात नवे कणकेचे मासे, आणि मी गिऱ्हाईक. "कसा दिला?" मी विचारलं. बाई बराच वेळ ओठ हलवत राहिल्या. मग "पा… पा… पाच," आलं. पाचशे म्हणायचं असावं. मला इतका आनंद झाला, मी म्हटलं, "बरं, द्या!" आणि पिशवी पुढे केली.

बाईंनी ताट माझ्याकडे ढकललं आणि तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा काहीतरी आकडा आला, मी पुन्हा लगेच हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. हो म्हणून उत्तेजन द्यावं, पेशंटला हरल्यासारखं वाटू देऊ नये, असंच आम्हाला शिकवलं आहे. कुठे बिनसलं कळेना.

तेवढ्यात आमच्या विभागप्रमुख चेतना मॅडमनी दारातून हाक मारली म्हणून मी खेळ अर्धवट टाकून उठले. दारापर्यंत पोचले असेन, मागून बाई ओरडल्या, "ये गो! ये, ने!" स्पष्ट. चांगले तीन शब्द. मी धावत परत आले तर पुन्हा गप्प.

टिपून ठेवलं: एकटं सोडलेलं सहन होत नाही, घाबरतात. पुढच्या वेळी निशाला अगदी शेजारी बसवायचं.

१ जुलै, सोमवार

चेतना मॅडमनी महिन्याचे रिपोर्ट पाहिले. "इरावती, कृष्णाबाईंचा प्लॅटो आलाय, सुधारणा थांबलीये. वेटिंग लिस्ट बघ किती आहे. जुलैअखेर डिस्चार्ज कर, घरी करायचे व्यायाम लिहून दे."

मॅडम चुकीचं बोलत नाहीत. रांग खरंच मोठी आहे, त्यात लहान मुलंही आहेत. बरं म्हटलं. मग दुपारभर स्वतःवरच चिडचिड केली.

यज्ञेशला घरातल्या माझ्या कामाच्या खोलीत त्याचा ट्रेडमिल ठेवायचा आहे. त्यालाही बरं म्हटलं.

५ जुलै, शुक्रवार

काही होत नाहीये. निशा शेजारी बसते, मी समोर बसते, बाई शांत बसतात. त्या आता माझ्याकडे दयेने बघतात असं मला वाटायला लागलंय.

कोणी म्हणेल, तू तुझं काम केलंस. तेच तर झोंबतं. पुस्तकात होतं ते सगळं केलं. कणकेचे मासे पुस्तकात नव्हते, पण तेही मी पुस्तकातल्यासारखेच वापरले. विचारा, उत्तर घ्या, शाबास म्हणा. आता पुस्तक मिटून बाई जिथे बोलत होत्या ती जागा बघायला हवी. निशाला विचारलं, मला बाजार दाखवशील का? ती म्हणाली, "तुम्ही? मॅडम, वास सहन होईल?" होईल म्हटलं. न होऊन सांगते कुणाला!

७ जुलै, रविवार

जाऊन आले. नाकाला रुमाल लावला होता, तर एक कोळीण म्हणाली, "रुमाल ठेव गो बाय, पापलेट लाजतंय!" अख्खी ओळ हसली. रुमाल पर्समध्ये टाकला.

हंगाम बंद असला तरी बाजार रिकामा नव्हता. सुकट, सुके बोंबील, बर्फातलं बाहेरून आलेलं म्हावरं. कृष्णाबाईंची जागा दाखवली निशाने. कोपऱ्याची, खांबाजवळची, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येईल अशी. तिथे चंदूची काकी बसली होती. बाई मायाळू, मला चहा पाजला. पण तिची टोपली, तिचा पाट, तिची छत्री सगळं त्या जागेवर असं बसलं होतं की एप्रिलपासूनचीच वस्ती आहे असं वाटूच नये.

तासभर मी नुसती उभी राहून ऐकत होते. गिऱ्हाईक विचारतं, कशी दिली. कोळीण आकडा सांगते. गिऱ्हाईक निम्मा करतं. ती म्हणते, घरून चोरून आणलंय काय? गिऱ्हाईक पाठ फिरवतं, चार पावलं जातं. आणि मग मागून हाक येते: "ये गो! ये, ने! तुझ्यासाठी म्हनून देते!"

मी तिथेच खांबाला टेकले.

त्या घाबरल्या नव्हत्या! मी निघून चालले होते म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. आणि त्याआधी मी काय करत होते? सांगितल्या किमतीला हो म्हणत होते! मी जन्मभर फिक्स्ड रेटच्या दुकानातून साड्या घेतल्या आहेत, भाजीवाल्याला कधी "कमी कर" म्हटलं नाही. मला त्यात सभ्यपणा वाटायचा. बाईंना वाटलं असेल, ही कसली गिऱ्हाईक, हिच्याशी बोलायचं तरी काय?

परवाच्या सेशनला मी घासाघीस करणार आहे. आरशासमोर सराव केला. यज्ञेशने दार ढकलून विचारलं, कुणाशी भांडतेस? म्हटलं, सुरमईशी.

९ जुलै, मंगळवार

झालं! झालं! झालं!

क्रमाने लिहिते. ताट मांडलं. "कसा दिला?" म्हटलं. "पा… पाच." मी तोंड वाकडं केलं. "पाच? हा? काल मेलेला दिसतोय." बाईंची मान ताठ झाली. निशाच्या हातातला मोबाईल खाली आला. "दोनला देतेस तर दे," मी म्हटलं. पेशंटला मी आयुष्यात पहिल्यांदा अगंतुगं केलं. बाईंनी छातीवर हात ठेवून "आई आई आई!" केलं. मी उठले, पर्स खांद्याला लावली आणि चालू लागले. दार उघडून बाहेर कॉरिडॉरमध्ये. मुद्दाम पेशंटकडे पाठ करून मी कधीच गेले नव्हते. पाणी पिण्याच्या मशीनपर्यंत पोचले, काही नाही. एक्स-रेच्या दारापर्यंत पोचले, काही नाही. वाटलं, संपलं.

आणि मग हॉस्पिटलभर आवाज: "ये गो! ये गो बाय! ये, ने! चल तुला चार, चार!"

चार! पाचावरून खाली आल्या बाई! नुसती पाठ केलेली हाक नव्हती ती, त्यात विचार होता.

चेतना मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. "इरावती, पेशंटला सोडून कुठे चाललीयेस?"

"भाव पटला नाही मॅडम," मी म्हटलं आणि परत धावले.

१६ जुलै, मंगळवार

तक्रारी आल्यात. शेजारच्या विभागातले म्हणतात, हॉस्पिटल आहे की मंडई? पण बाई रोज नवीन काहीतरी बोलतात. "ताजा हाय", "बग तर", "नाय परवडत". परवा "तुझ्या घरी कोन खानार?" असं आख्खं वाक्य आलं. ते मला उद्देशून होतं, आणि खरंच होतं.

चेतना मॅडमनी बोलावलं. रिपोर्ट पाहून त्याही चकित झाल्या, पण हट्ट तोच: जुलैअखेर डिस्चार्ज. मी सप्टेंबर मागितला. त्या नाही म्हणाल्या. मी ऑगस्टअखेर म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. मला इतका राग आला की "मग राहू दे मॅडम, मी त्यांच्या घरी जाऊन करीन," म्हणत उठले आणि निघाले. दाराच्या कडीला हात लावला तेव्हा त्यांनी परत बोलावलं. ऑगस्टअखेरपर्यंत मिळालं, फक्त आवाज खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत करायचा. कशा काय तयार झाल्या कोण जाणे. मनाने चांगल्या आहेत.

२४ जुलै, बुधवार

चंदू बघायला आला. उंच, रापलेला, दारातच उभा राहिला. हाताला काम नसलेला माणूस दवाखान्यात जसा उभा राहतो तसा. बाईंना लेकाला दाखवायचं होतं, तोंडावरून कळत होतं. खरे बोंबील आणले होते निशाने.

"कसं दिलं गं आई?" चंदूने विचारलं.

"वीस," बाई म्हणाल्या. मग डोळे विस्फारले. वीस नव्हतं म्हणायचं. "न… नव्वद. दहा!" आकडे तोंडातून भलतेच निसटत होते. माझ्यासमोर हे रोज व्हायचं, पण मी खोट्या माशांचं खोटं गिऱ्हाईक. मी समजून घ्यायचे.

चंदू खाली बसला. आईचा हात हातात घेतला. "मॅडम, तुम्ही लय केलंत. पन बाजारात कोन समजून घेनार? दोनशेचं दहाला बोलली की गिऱ्हाईक सोडेल काय? वाट लागेल ना! आनि मग ती हरेल. मला ते बघायचं नाय."

मला वाटलं होतं, त्याला जागेची घाई आहे. तसं नाही. तो आईचं हसं होऊ देणार नव्हता.

बाईंनी हात सोडवून घेतला. त्याच्याकडे पाहिलंच नाही.

नारळी पौर्णिमा एकोणीस ऑगस्टला. मी काहीतरी शोधणार. शोधणारच.

२९ जुलै, सोमवार

सापडलं, आणि किती सोपं! आकडा बोलायचाच कशाला? पाट्या करायच्या. काळा पुठ्ठा, पांढरी ठळक अक्षरं, वर प्लास्टिक. पापलेट इतके, बोंबील इतके. निशाला भाव विचारून रविवारी सगळ्या तयार केल्या. प्रत्येकीवर खाली छोट्या अक्षरांत "एक दर" असंही लिहिलंय. यज्ञेशसुद्धा छान म्हणाला. त्याच्या ट्रेडमिलसाठी खोली आवरायची राहूनच गेली. बघू म्हटलंय त्याला.

४ ऑगस्ट, रविवार

आज गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून आज अख्खी मुंबई मासळी खाते म्हणे. बोटीही पहिली तारीख उलटताच थोड्या थोड्या सुटायला लागल्यात. निशाने ठरवलं, बाजारात नको, आधी घराबाहेर गल्लीत आईला बसवू. गिऱ्हाईक खरं, पण जागा आपली.

पाट्या मांडल्या. दिसायला झकास. लोक यायचे, पाटी वाचायचे आणि पुढच्या ओट्यावरच्या बाईकडे जायचे. एक, दोन, पाच, सात जण. कुणी बाईंशी बोलायलाच थांबेना. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कमी होईल?" आणि "एक दर" वाचून, वाकडं तोंड करून निघून गेला. बाईंना त्याला हाक मारायची होती, तोंड उघडलंही. पण दर लिहिलेला. मग हाक मारून सांगणार काय?

मी जे दार मोठ्या कष्टाने उघडलं होतं, त्याला मीच कुलूप लावलं. पार्ल्याच्या बाईने कोळणीच्या पुढ्यात एक दराची पाटी मांडली. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मग त्यांनी सगळ्या पाट्या गोळा केल्या, नीट एकावर एक रचल्या आणि बोंबील धुवायच्या बादलीत बुडवल्या.

पुढचं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं होतं. "पापलेट कसं?" बाईंनी एक क्षण डोळे मिटले. मग हातातला कोयता पाटावर टकटक आपटत त्यांनी सुरू केलं: "शंभर… दोनशे… तीनशे… चारशे… पाचशे…" आणि सहाशेला कोयता जोरात हाणून थांबल्या. सहाशे! बरोबर पाटीवरचे सहाशे!

ती मुलगी हसली. "काकी, चारशेला द्या."

बाईंनी मान हलवली. पुन्हा तळापासून. "शंभर… दोनशे… तीनशे… चारशे… पाचशे." टक्! थांबल्या. एक पायरी आधी. भाव खाली आला होता, पण त्या मोजत वरच गेल्या होत्या, कारण वर जाताना आकडे आपोआप येतात. मी एवढे दिवस वॉर्मअप म्हणून आकडे म्हणून घेत होते आणि मला हे सुचलं नाही!

"धक्क्यावर पहाटे लिलाव असाच चढतो," निशा पुटपुटली. "आई लहानपनापासून तिथेच वाढली ना."

घेतलं त्यांनी पापलेट. गल्लीत बातमी पसरली, लोक नुसते बाईंचा भाव ऐकायला उभे राहायला लागले. एक पोरगं त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागलं, तर त्यालाही शिवी मिळाली. टोपली दुपारच्या आत रिकामी.

माझ्या अंगाला मासळीचा वास येतोय. आंघोळ करायची आहे, पण थोड्या वेळाने करीन.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यात बोलावलं होतं. नारळीभात खाल्ला, समुद्राला नारळ दिला तेव्हा बाईंच्या शेजारी उभी होते. त्यांचं हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि माझा दंड घट्ट धरलेला.

चंदूला म्हटलं, पाहिलंस ना गटारीला? पाहिलं म्हणाला. मग म्हणाला, "पन मॅडम, काकीला मी शब्द दिलाय. पौर्णिमेनंतर जागा तुझी म्हनून. ती बी गरजेची बाई हाय. आता मी कुठल्या तोंडाने तिला उठ बोलू? मी नाय उठवनार. आईला जागा हवी तर आईने मागावी. तिचं तिने."

बाजारातलं बोलणं बाईंना येतं. त्याला लय आहे, सवय आहे, समोर गिऱ्हाईक आहे. पण सख्ख्या जावेला, जिने एप्रिलपासून जागा राखली, तिला तोंडावर सांगणं हे कुठल्याच ठरीव बोलण्यात बसत नाही. त्याला मनातलाच शब्द लागतो. तो अजून एकदाही आलेला नाही.

आता माझ्याकडे युक्ती नाही. निशाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई बघेल."

२५ ऑगस्ट, रविवार

यज्ञेशच्या मावसभावाकडचे आज पुन्हा जेवायला यायचे होते. मला जमणार नाही, बाहेरून मागवा, असं त्याला काल सांगितलं. तो दुखावलाय. त्याला वाटतं मला हल्ली त्याच्या माणसांचा कंटाळा येतो. तसं काही नाही. आज मला बाजारात असायचंच होतं, एवढंच.

चंदूची बोट परवा आली. पहाटे धक्क्यावरून माल घेऊन बाई, निशा आणि तो सकाळी बाजारात पोचले. मी आधीच जाऊन थांबले होते. श्रावणामुळे गर्दी बेताची.

काकी कोपऱ्यात बसलेली. टोपली, पाट, छत्री, सगळं मांडून. तिने बाईंना पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. ती उठली नाही आणि "ये" असंही म्हणाली नाही. शेजारच्या सगळ्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

बाई टोपली डोक्यावर घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ओठ हलायला लागले. काही आलं नाही. पुन्हा हलले. मानेची शीर फुगली, चेहरा लाल झाला. चंदू पुढे सरसावला, मी त्याचा दंड धरला. "थांब," म्हटलं. तो माझा हात झटकू शकला असता. झटकला नाही. मला स्वतःलाच ओरडावंसं वाटत होतं, पहिलं अक्षर पुरवावंसं वाटत होतं, जसं मी रोज पुरवते. ओठ आत दाबून धरले.

"स…" बाई म्हणाल्या. "स… स…"

काकी त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"सरक," कृष्णाबाई म्हणाल्या.

मोठ्याने नाही. पण शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं. हा शब्द मी शिकवलेला नाही. माझ्या कार्डांत नाही, कणकेच्या खेळात नाही, आकड्यांत नाही. तो त्यांचा होता, त्यांना हवा होता म्हणून आला.

काकीने तोंडावर हात घेतला. "अगो बाय! बोलली गो माझी जाव!" ती रडतच उठली, रडतच टोपली ओढली, आणि हात-दीड हात पलीकडे मांडली. पूर्ण गेली नाही. बाईंनी तेवढी जागा पाहिली, अंदाज घेतला, आणि मान डोलावली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. चंदू खांबाआड तोंड पुसत होता.

मी मात्र भान हरपून तिथेच उभी. निशाला मिठी मारावी, चेतना मॅडमना फोन करावा, काय काय करावं असं झालं होतं. बाईंनी टोपली उघडली, पापलेटं लावली, पाणी शिंपडलं. दोन बायका पिशव्या घेऊन आल्या आणि माझ्या मागेच अडल्या.

कृष्णाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सरक गो," त्या म्हणाल्या.

मी गिऱ्हाइकाच्या वाटेत उभी होते. सरकले.